दुर्गम कोणापासून? गाविलगड, चिखलदरा आणि मेळघाटची गोष्ट

लंडनच्या हाइड पार्क कॉर्नरवरून आपण सगळेच कधी ना कधी गेलो आहोत. भारतातून पाहुणे आले की वेलिंग्टन आर्च, पलीकडचे ॲप्सली हाउस आणि घोड्यावर बसलेला ड्यूक ऑफ वेलिंग्टन दाखवणे हे आपले ठरलेले काम. "नेपोलियनला वॉटर्लूला हरवणारा तो हाच," एवढे सांगितले की पाहुणे मान डोलावतात आणि आपण पुढे निघतो. पण वॉटर्लूच्या बारा वर्षे आधी, डिसेंबर १८०३ मध्ये, हाच गृहस्थ आपल्या विदर्भात, सातपुड्याच्या पायथ्याशी तळ ठोकून बसला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्याच्यासमोर जो किल्ला उभा होता त्याचे नाव गाविलगड. त्याच डोंगरावर आज चिखलदरा आहे, म्हणजे विदर्भातले एकमेव नावाजलेले थंड हवेचे ठिकाण.

महाबळेश्वर, माथेरान, लोणावळा ही नावे आपल्या मुलांनाही माहीत असतात. चिखलदऱ्याचे नाव निघाले की पुण्या-मुंबईकडचे लोकसुद्धा "फार लांब हो ते" असे म्हणून विषय बदलतात. सरकारी कागदांत मेळघाटला 'दुर्गम' म्हणतात, पर्यटनाच्या पत्रकांत 'अस्पर्श निसर्ग' म्हणतात. इतिहास चाळला की मात्र दिसते की हा डोंगर नेहमीच लांब नव्हता. एके काळी तो एका राज्याच्या केंद्रस्थानी होता. तो लांब झाला, कारण सत्तेची ठिकाणे बदलत गेली. म्हणूनच त्याच्या पर्यटनाचा विचार करताना 'दुर्गम कोणापासून?' हा प्रश्न आधी विचारायला हवा, असे मला वाटते.

घाटांचा मेळ

अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेला सातपुड्याची गाविलगड रांग आहे. चिखलदरा आणि धारणी हे दोन तालुके म्हणजे मेळघाट. नावाप्रमाणेच हा घाटांचा मेळ आहे. एक डोंगर उतरावा तर दुसरा समोर उभा! सिपना, खंडू, खापरा, गाडगा आणि डोलार या पाच नद्या या जंगलातून वाहत तापीला मिळतात. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे माथेरान आणि लोणावळ्याहूनही बरेच उंच. जवळचे वैराट त्याहूनही थोडे वर. खाली अमरावती-अकोल्याला वैशाखवणवा पेटलेला असताना वर संध्याकाळी हवेत गारवा असतो आणि पावसाळ्यात तर सगळा डोंगर ढगात बुडून जातो.

नावाची कथा महाभारतातली. विराटाच्या दरबारी अज्ञातवासात असताना द्रौपदीवर वाईट नजर ठेवणाऱ्या कीचकाला भीमाने इथे मारले आणि दरीत फेकून दिले, म्हणून हा 'कीचकदरा', त्याचाच पुढे 'चिखलदरा' झाला, असे लोक सांगतात. भीमाने हात धुतले ते भीमकुंड आणि विराटाचे ते वैराट. भारतात विराटनगरीवर हक्क सांगणारी गावे अनेक आहेत, तेव्हा या वादात न पडलेले बरे. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. पांडवांनी लपायला निवडलेली जागा म्हणून जो प्रदेश आपली ओळख सांगतो, त्याला आपल्या आडबाजूपणाची जाणीव फार जुनी असली पाहिजे.

राजधानीच्या उशाशी

गाविलगडाच्या नावात गवळी आहेत, असे मानले जाते. आजही या डोंगरावर गवळी समाजाची वस्ती आहे आणि चिखलदऱ्याजवळच्या मोथा गावचा खवा आणि रबडी खाल्ल्याशिवाय कोणी परत येत नाही. या डोंगरावर पक्का किल्ला उभा केला तो बहमनी सुलतान अहमदशहा वली याने, साधारण १४२५ च्या सुमारास. त्याचा मुक्काम तेव्हा पायथ्याच्या एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला होता.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस बहमनी राज्य फुटले आणि त्याचे पाच तुकडे झाले. त्यांतला वऱ्हाडचा तुकडा इमादशाहीकडे आला. तिचा संस्थापक फतहुल्ला इमाद-उल-मुल्क. हा मूळचा दक्षिणेकडच्या विजयनगरच्या मुलखातला हिंदू घरातला मुलगा. लढाईत पकडला गेला, मुसलमान झाला आणि स्वतःच्या कर्तृत्वाने वऱ्हाडचा सुभेदार, पुढे राजा झाला. त्याने गाविलगडाची मोठी डागडुजी केली. किल्ल्याच्या दरवाजावर आजही दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी कोरलेला दिसतो. हे दक्षिणेकडचे राजचिन्ह सातपुड्यात कसे आले, याचे उत्तर बरेच अभ्यासक फतहुल्लाच्या जन्मभूमीत शोधतात. जन्मगावापासून शेकडो मैलांवर, वेगळ्या धर्मात, वेगळ्या भाषेच्या मुलखात राज्य करणाऱ्या माणसाने दारावर आपल्या लहानपणीचे चिन्ह कोरून घेतले असेल, तर त्यामागची ओढ परदेशात घराच्या दाराला तोरण बांधणाऱ्या आपल्याला तरी वेगळी समजावून सांगायला नको.

मुद्दा हा की त्या काळी राजधानी एलिचपूर होती आणि गाविलगड तिच्या उशाशी होता. खजिना, राजघराणे, दारूगोळा यांचे शेवटचे आश्रयस्थान तेच. तेव्हा मुंबई म्हणजे किनाऱ्यावरची काही बेटे होती. त्या काळच्या वऱ्हाडी माणसाला कोणी 'दुर्गम' म्हणजे काय असे विचारले असते, तर त्याने पश्चिमेकडे बोट दाखवले असते!

१५७४ मध्ये निजामशाहीने इमादशाही गिळली, सोळाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाड मोगलांकडे गेला आणि अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचे निशाण गाविलगडावर चढले.

डिसेंबर १८०३

दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात आर्थर वेलस्लीने (तो अजून ड्यूक व्हायचा होता) २३ सप्टेंबर १८०३ ला आसईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. २९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला पुन्हा एक लढाई झाली. तिथून मागे हटलेले भोसल्यांचे बरेच पायदळ गाविलगडात शिरले. किल्लेदार होता बेनीसिंग नावाचा राजपूत.

गाविलगडाची दक्षिण बाजू सरळ मैदानात कोसळते. तिकडून चढणे जवळजवळ अशक्य. उत्तरेकडे मात्र पठाराचा एक पट्टा किल्ल्याला भिडतो. वेलस्ली दक्षिणेला थांबला आणि कर्नल स्टीव्हन्सनला त्याने डोंगराला वळसा घालून उत्तरेला पाठवले. ७ ते १२ डिसेंबर असे दिवस स्टीव्हन्सनची माणसे जंगल तोडून रस्ता करत आणि अवजड तोफा हातांनी ओढत वर चढत होती. तटाला खिंडार पडल्यावर १५ डिसेंबरला हल्ला झाला. बाहेरचा किल्ला पडला, पण आत आणखी एक किल्ला आहे आणि मधे खोल घळ आहे, हे हल्लेखोरांना नीट उमगले ते तिथे पोचल्यावर. दरवाजांच्या चिंचोळ्या वाटेत मोठी कत्तल चालू असताना ९४ व्या स्कॉच ब्रिगेडचा कॅप्टन कँपबेल आपली तुकडी घेऊन घळीतून शिड्या लावून आतल्या तटावर चढला आणि त्याने आतून दरवाजा उघडला. बेनीसिंग दरवाजाजवळच्या मृतांच्या ढिगात सापडला. किल्लेदाराच्या घरातील काही स्त्रियांनाही त्या दिवशी प्राण गमवावे लागले.

दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावच्या तळावर तह झाला. दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी कटक प्रांत आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडला. कटक मिळाल्याने कंपनीचा बंगाल ते मद्रास हा किनारा सलग झाला आणि वऱ्हाड निजामाच्या पदरात पडला. सातपुड्यातल्या एका डोंगरावरच्या एका दिवसाच्या लढाईने ओडिशाचे भवितव्य ठरावे, ही इतिहासाची गंमत म्हणायची की क्रूर थट्टा?

इथल्या वाचकांसाठी एक जोड. बर्नार्ड कॉर्नवेल यांच्या शार्प मालिकेतली 'शार्प्स फोर्ट्रेस' ही कादंबरी याच वेढ्यावर आहे. म्हणजे ब्रिटनमधल्या हजारो वाचकांनी गाविलगड कागदावर सर केला आहे. ज्या मराठी माणसाचा तो किल्ला, त्याला मात्र त्याचा पत्ता विचारावा लागतो!

साहेबांचे चिखलदरा

चिखलदऱ्याचा 'शोध' १८२३ मध्ये हैदराबाद फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सनने लावला, असे बहुतेक माहितीपुस्तकांत लिहिलेले असते. किल्ल्याला लागून असलेले, कोरकू आणि गवळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेले पठार 'सापडले' म्हणायचे, ही त्या काळची रीत. मुंबईकर साहेबांना महाबळेश्वर त्याच दशकात सापडले आणि माथेरान १८५० मध्ये. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला, तसे इथे अधिकाऱ्यांचे बंगले उभे राहिले. दऱ्याखोऱ्यांना हरिकेन पॉइंट, मोझरी पॉइंट, देवी पॉइंट अशी नावे पडली. कॉफीची झाडेही लावली गेली. महाराष्ट्रातली कॉफी म्हटले की आजही चिखलदऱ्याचेच नाव निघते.

मग महाबळेश्वर फोफावले आणि चिखलदरा मागे का राहिले? हवा कमी पडली असे कारण नाही. माथेरानच्या पाठीशी मुंबईचा पैसा होता. १९०७ मध्ये तिथे आदमजी पीरभॉय कुटुंबाने बांधलेली छोटी रेल्वे पोचली. महाबळेश्वर मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांचे. चिखलदऱ्याच्या वाट्याला मात्र १९०३ मध्ये वेगळेच वळण आले. वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला गेला आणि त्या सरकारची उन्हाळी राजधानी आधीपासूनच पचमढीला होती. एका सरकारला दोन उन्हाळी राजधान्या कशाला? १९५६ मध्ये पचमढी मध्य प्रदेशात राहिले आणि विदर्भ मुंबई राज्यात आला. आता चिखलदरा एकटे उरले खरे, पण नवी राजधानी सातशे किलोमीटर दूर गेली. म्हणजे हा डोंगर जागचा हलला नाही. हलत राहिल्या त्या राजधान्या.

ज्यांनी शोध लावला नाही, पण जे तिथेच होते

या साऱ्या हकिगतीत मेळघाटचे मुख्य रहिवासी कुठेच आले नाहीत, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आले असेल. ते म्हणजे कोरकू. त्यांची भाषा मराठी, हिंदी किंवा गोंडी यांपैकी कोणाचीच नातलग नाही. ती मुंडा कुळातली. तिच्या बहिणी झारखंडच्या बाजूला, संताली आणि मुंडारी. आणि भाषाशास्त्रज्ञ हेच नाते पुढे थेट कंबोडियाची ख्मेर आणि व्हिएतनामी भाषा यांच्यापर्यंत नेतात. या कुळाचे सर्वांत पश्चिमेकडचे टोक म्हणजे आपला मेळघाट! चिखलदऱ्याला जाऊन फक्त धबधबे पाहून परतणारा माणूस किती मोठी गोष्ट न ऐकता परततो, याची ही कल्पना.

इंग्रजांच्या काळात जंगल राखीव झाले. फिरत्या शेतीवर बंधने आली आणि सागवान तोडायला मजूर लागतात म्हणून वनखात्याने वनग्रामे वसवली. त्या गावांत राहणाऱ्यांचा जमिनीवरचा हक्क मात्र अधांतरी राहिला. १९७३ मध्ये देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, तेव्हाच्या पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाट होता. त्याने जंगल वाचवले, हे निर्विवाद. आज अडीच हजार चौरस किलोमीटरहून मोठा हा प्रकल्प महाराष्ट्राचे वैभव आहे. पण त्याच वाघासाठी कोहा, कुंड, बोरी आणि नंतर आणखी कितीतरी गावे उठून बाहेर गेली. कोणाला नव्या जागी शाळा आणि वीज मिळाली, कोणाला जंगलाची आठवण आणि नव्या अडचणी.

आणि १९९३ मध्ये मेळघाटचे नाव देशभर झाले ते कुपोषणाने होणाऱ्या बालमृत्यूंमुळे. तेव्हापासून मुंबई उच्च न्यायालयात या प्रश्नावर याचिका चालत आल्या आहेत, समित्या येऊन गेल्या आहेत. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी उभे आयुष्य काढले. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१६ मध्ये धारणी तालुक्यातल्या हरिसालला 'डिजिटल गाव' करण्याची योजना एका बड्या सॉफ्टवेअर कंपनीच्या साह्याने गाजावाजात सुरू झाली आणि २०१९ च्या निवडणुकीत तिच्या दाव्यांवरून वादही झाला. माझा धंदाच संगणकाचा, म्हणून एवढेच म्हणतो की तार आणि टॉवर गावात पोचणे ही सुरुवात असते. दवाखान्यात डॉक्टर नसेल तर पडद्यावरचा डॉक्टर तो खड्डा पूर्ण भरत नाही.

खोट्या लेबलाचा धडा

सातपुड्यात रानपिंगळा नावाचे एक छोटे घुबड आहे. १८८४ नंतर ते कोणाला मिळाले नव्हते. अपवाद एकच. रिचर्ड माइनरट्झहॅगन या नामांकित ब्रिटिश संग्राहकाने १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठी एक मिळवल्याची नोंद होती. लोक त्या नोंदीवर विसंबून शोधत राहिले आणि पिंगळा सापडेना. पुढे उघड झाले की या साहेबांनी संग्रहालयातला जुना नमुना चोरून त्यावर स्वतःचे लेबल चिकटवले होते! अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी खोटी नोंद बाजूला ठेवली, खानदेशातल्या जुन्या खऱ्या नोंदींचा माग काढला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा जिवंत दिसला. नंतर तो मेळघाटातही आढळला. आज मेळघाट हे त्याच्या मोजक्या घरांपैकी एक आहे.

मला या कथेत चिखलदरा दिसते. बाहेरून आलेल्याने चिकटवलेल्या लेबलावर विश्वास ठेवला की समोरची खरी वस्तू सापडत नाही. 'दुर्गम', 'मागास', 'अस्पर्श', 'विदर्भाचे काश्मीर' ही सगळी लेबलेच.

आता पर्यटन

चिखलदऱ्याला आज गर्दी नाही असे नाही. जुलै ते सप्टेंबरातल्या शनिवार-रविवारी अमरावती, अकोला, नागपूरहून येणाऱ्या गाड्यांची घाटात रांग लागते. सिडकोकडे नियोजनाची जबाबदारी आली. गोराघाट ते हरिकेन पॉइंट असा चारशे मीटरहून लांब काचेचा स्कायवॉक हाती घेतला गेला आणि वन्यजीवविषयक परवानग्यांच्या फेऱ्यांत अडकून तो वर्षानुवर्षे बातम्यांत गाजला. एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली. रस्ता, विमान, काचेचा पूल, म्हणजे 'लांब आहे हो' ही सबब आता हळूहळू संपणार.

पर्यटन वाईट असे मी मुळीच म्हणत नाही. इथल्या तरुणाला होळीनंतर मजुरीसाठी घर सोडून परमुलखात जावे लागते. त्याला गावातच काम मिळाले तर त्याहून चांगले काय? पण हिशोब नीट मांडायला हवा. मेळघाटात पाऊस धो धो पडतो आणि उन्हाळ्यात अनेक गावांना टँकर लागतो, कारण या काळ्या खडकावरून पाणी वाहून जाते. अशा ठिकाणी शंभर खोल्यांचे हॉटेल आले तर त्याच्या नळाला पाणी कुठून येणार? कोरकू माणूस त्या हॉटेलात मालक असेल, वाटाड्या असेल, की फक्त भांडी घासणारा?

दुसरी वाट आहे आणि ती कल्पनेतली नाही. परतवाड्याजवळच्या पायविहीर या छोट्या गावाला वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाले. लोकांनी उजाड झालेल्या जमिनीवर झाडे जगवली, जंगल राखले आणि तिथली सीताफळे 'नॅचरल्स मेळघाट' या नावाने थेट मुंबईच्या बाजारात विकली. २०१४ मध्ये या गावाला भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला. जंगल त्यांचे म्हटल्यावर त्यांनी ते राखले, एवढाच त्याचा अर्थ. सीताफळाला जे जमले ते खोल्यांना, खव्याला, मधाला, कॉफीला आणि गाविलगडाच्या वाटाड्यांना का जमू नये? गंडभेरुंडाची आणि घळीतल्या शिड्यांची कथा सांगणारी दहा कोरकू मुले-मुली किल्ल्यावर तयार झाली, तर पर्यटक दोन तास जास्त थांबेल आणि त्याचे पैसे डोंगरावरच राहतील.

आपल्यापैकी अनेकांना निवृत्तीनंतर 'डोंगरात एखादा बंगला' असे स्वप्न पडते. पौंडांत कमावलेल्याला ते अवघडही नाही. पण लोणावळा आणि महाबळेश्वर यांचे काय झाले, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. चिखलदऱ्यावर बंद बंगल्यांची आणखी एक वसाहत उभी करण्यापेक्षा आपण तिथे पाहुणे म्हणून वारंवार गेलो, तर त्या डोंगराचे अधिक भले होईल.

तेव्हा पुढच्या भारतवारीत चार दिवस काढाच. मुंबईहून रात्रीच्या गाडीने बडनेरा, तिथून अमरावती-परतवाडा मार्गे घाट चढून चिखलदरा. वाघ, जंगल आणि रानपिंगळ्यासाठी सेमाडोह किंवा कोलकास. शक्य तर पावसाळ्यातली सुटीची गर्दी टाळून ऑक्टोबर-नोव्हेंबरात जावे, तेव्हा डोंगर हिरवे असतात आणि हवा स्वच्छ. गाविलगडासाठी पूर्ण अर्धा दिवस ठेवावा, पायांत चांगले बूट असावेत आणि वाटाड्या गावातलाच घ्यावा. राहण्याची जागा ठरवताना तीन प्रश्न जरूर विचारावेत: पाणी कुठून येते, कचरा कुठे जातो आणि इथे काम करणारी माणसे कुठल्या गावची? उत्तरे देताना समोरचा अडखळला, तर दुसरी जागा शोधावी. आणि कोरकूतले दोन शब्द शिकून यावेत. मुलांना सांगता येईल की महाराष्ट्रात एक अशी भाषा आहे, जिची चुलत भावंडे व्हिएतनाममध्ये बोलली जातात.